नळीतला पांढरा गोळा

लॉन्ड्रीवरच्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. एका हातात काचेची नळी, दुसऱ्या हातात स्पिरिटचा दिवा घेऊन नळीबाबा स्टेजवर असे उभे होते, जणू विज्ञान त्यांच्याच घरी जन्मलं! भक्ताने बाबांनी दिलेल्या अमृतजलाची चूळ भरून नळीत सोडायची, बाबांनी नळी दिव्यावर धरायची, की बघता बघता स्वच्छ पाण्यात पांढरा गोळा.

"रक्ताच्या रिपोर्टात दिसलेलं प्रोटीन ते हेच!" बाबा गरजले. "निशाणी बाहेर, कॅन्सर बाहेर! मशीन नुसतं मोजतं, आम्ही उपटून काढतो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सलूनवाल्याचा कॅन्सर निघाला, टेलरचा निघाला. ज्याला साधी सर्दीही नव्हती, त्या वॉचमनचा तर दोनदा निघाला.

मावशीबरोबर तिसऱ्या रांगेत बसलेल्या लॅबवाल्या भाचीला मात्र हसू येत नव्हतं. मावशीच्या रक्तातलं एक प्रोटीन वाढलेलं तिनेच मशीनवर पाहिलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, "हे साध्या कारणांनीही वाढतं, पण अंडाशयाच्या कॅन्सरचीही खूण असू शकते. सोनोग्राफी टाळू नका." सोनोग्राफी उद्या होती, आणि मावशी आत्ताच स्टेजवर जाऊन आपला गोळा काढून आली होती.

"उद्याचं रद्द कर गं," मावशी खुशीत म्हणाली. "निघालं सगळं. चूळ जरा बुळबुळीत लागली, पण चालायचंच."

आईच्या माघारी या मावशीनेच भाचीला वाढवलं होतं. पण बुळबुळीत पाणी, तापवलं की पांढरं होणारं? तिची ट्यूब पेटली आणि ती तडक स्टेजवर चढली.

"महाराज, आमच्या लॅबमध्ये पेशंटच्या नळीआधी नमुना न घातलेली कोरी नळी तपासतात. हे अमृतजल कोणाच्याही तोंडात न घालता तापवा की!"

"श्रद्धा नसेल तिथे..."

"आहे ना श्रद्धा!" टेलर उत्साहाने ओरडला. "तापवा महाराज, होऊन जाऊ द्या!"

सगळा हॉल "तापवा, तापवा" करू लागला. बाबांना घाम फुटला. भाचीने स्वतःच नळी भरून दिव्यावर धरली. पांढरा गोळा!

"अरेरे," सलूनवाला हळहळला, "पाण्यालाच कॅन्सर झालाय!"

"अंड्याचा पांढरा भाग आहे हा," भाची म्हणाली. "पाण्यात मिसळून गाळला की दिसत नाही. तोही प्रोटीनच, तापला की गोठतो."

"तरीच!" हॉल झाडणारी बाई पुढे आली. "रोज बादलीभर पिवळे बलक ओतते मी. मला वाटलं, महाराजांचा केकचा धंदा आहे!"

हास्याच्या गदारोळात महाराजांनी मागच्या दाराने पोबारा केला. मावशी मात्र खुर्चीतच बसून होती.

"म्हणजे माझं अजून आतच आहे?"

"आहे की नाही, तेच उद्या बघायचं, मावशी. प्रोटीन ही नुसती सूचना असते. मी येते ना सोबत!"

दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीत अंडाशयावर लिंबाएवढी गाठ दिसली. ऑपरेशन झालं. गाठ कॅन्सरचीच होती, पण पसरली नव्हती. "वेळेवर आलात," डॉक्टर म्हणाले, तेव्हा मावशी आणि भाची दोघी आधी रडल्या आणि मग वेड्यासारख्या हसत सुटल्या.

तेव्हा मंडळी, वाईट रिपोर्ट हाती आला तर खुशाल घाबरा, रडा, घरच्यांचा हात घट्ट धरा. पण पुढची तपासणी चुकवू नका.