एकदा नाक मुरड

आमच्या कत्तलखान्याच्या चहाच्या खोलीत तो तक्ता लागला आणि माझं डोकं फिरलं. तक्त्यावर गोल गोल चेहरे. आनंदी, दुःखी, रागावलेला, घाबरलेला. शेवटचा हिरव्या रंगाचा, नाक मुरडलेला, जीभ बाहेर काढलेला. तो किळसेचा. प्रत्येकाच्या नावाचं एक लोहचुंबक होतं. सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी आपलं चुंबक आपल्याला जे वाटत असेल त्या चेहऱ्यावर लावायचं. भावना ओळखायला शिकायचं म्हणे.

सगळे आनंदीवर लावायचे, कारण दुसरीकडे लावलं की डॅरिल शेजारी येऊन बसायचा. डॅरिल आमचा मुकादम. जन्म आमच्यावर ओरडण्यात गेला त्याचा. पण शहरातून हे भावना ओळखायचं प्रशिक्षण घेऊन आल्यापासून तो मान एका बाजूला कलती करून, "मला समजतंय हं तुझं," असं म्हणायला लागला होता. मी दिवसभर गुरांची आतडी धुतो, शेणानं भरलेली पोटं उलटी करतो. त्यानं मला कधी मळमळलं नाही. त्या कलत्या मानेनं मळमळायचं.

मी माझं चुंबक रोज हिरव्यावर लावायचो.

माझी बायको ग्लेनिस या हिवाळ्यात गेली. त्यामुळे मी दुःखीवर लावावं अशी सगळ्यांची अपेक्षा होती. एकदा डॅरिलनं स्वतःच माझं चुंबक उचलून तिकडे नेलं. मी परत आणलं. माझ्याबरोबर आतड्यांच्या खोलीत सेमिसी नावाचा टोंगा बेटांवरचा गडी काम करतो. तो म्हणाला, "म्हाताऱ्या, हा हिरवा अगदी तुझ्यासारखा दिसतो. फक्त जरा तरुण आहे."

डॅरिलला ते काळजीचं वाटलं. त्यानं मला सांगितलं की प्रशिक्षणवाली बाई येणार आहे, ती माझ्याशी बोलेल, आणि तिला योग्य वाटलं तर मला वरच्या खोक्यांच्या गोदामात हलवतील. कोरडं काम, स्वच्छ, कुणाची कटकट नाही. माझं भलं करतोय अशीच त्याची समजूत होती. गोदामात दिवसभर एकट्यानं खोक्यांना चिकटपट्टी लावायची. घरी एकटा, इथंही एकटा. खाली निदान सेमिसी गातो आणि मला शिव्या देतो. मला तिथून हलायचं नव्हतं.

बोलावणं आलं त्याच सकाळी एक आतडं माझ्या अंगावर फुटलं होतं. मी तसाच वर गेलो. खोलीच्या खिडक्या बंद, टेबलावर बशीत बिस्किटं. इमोजेन नावाची ती तरुण बाई हसून उठली. मी बसलो आणि माझा वास खोलीभर झाला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण हसू जागचं हललं नाही.

"इथे तुम्ही मोकळेपणानं काहीही बोलू शकता, नेव्हिल," ती म्हणाली. ती तोंडानं श्वास घेत होती.

ते मला लगेच कळलं, कारण घरी ग्लेनिसजवळ मीही तेच करायचो.

ग्लेनिसला आतड्याचा कर्करोग होता. पोटावर मळ जमा व्हायची पिशवी लावली होती. पिशवी बदलायला मीच. तिची बहीण आली, दारातच तिचा हात नाकाकडे गेला, मग फुलं पाण्यात ठेवायच्या निमित्तानं ती स्वयंपाकघरात गेली ती तिथेच बसली. शेजारणी जेवणाची भांडी देऊन अंगणातूनच परत जायच्या. ग्लेनिस प्रत्येकाचा चेहरा बघायची. मी ठरवलं, माझा चेहरा हलणार नाही. तोंडानं श्वास घ्यायचा, तिच्या डोळ्यांकडे बघायचं, क्रिकेटचं बोलायचं. मला ते छान जमायचं, आणि त्याचा मला अभिमानही होता.

एका दुपारी पिशवी गळली, अंथरूण भरलं. मी पुसत होतो. ग्लेनिस म्हणाली, "नेव्ह, तू कामावर त्या गुरांकडे बघतोस ना, तसा बघतोस माझ्याकडे."

मी फडकं पिळलं.

"घाण येतेय रे. मलासुद्धा येतेय. एकदा तरी नाक मुरड. मी अजून माणसात आहे असं वाटेल."

मग मी मुरडलं. चांगलं जीभ बाहेर काढून, ओकारीचा आवाज काढून. ती इतकी हसली की नवी लावलेली पिशवीही सुटली आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं. त्यानंतर रोज आधी तोंड वाकडं, मग साफसफाई. शेवटी तिला बोलता येत नव्हतं. मी पिशवी घेऊन आलो की तीच माझ्याकडे बघून नाक मुरडायची.

आता समोर इमोजेनचं ते हसू बघताना ग्लेनिसला तेव्हा माझ्या चेहऱ्यात काय दिसत असेल ते मला दिसलं. बंद दार. त्या चेहऱ्याची मला शिसारी आली.

"बाई," मी म्हटलं, "माझा वास येतोय ना?"

"तुम्हाला तसं वाटतंय का?"

"वाटायचा प्रश्न नाही. आतडं फुटलंय अंगावर. एकदा नाक मुरडा आणि मोकळ्या व्हा."

तिचं हसू गळालं आणि सगळा चेहरा गोळा झाला. ती उठली, खिडकी सताड उघडली आणि डोकं बाहेर काढून उभी राहिली.

"किती भयंकर घाण आहे ही," ती बाहेर बघतच म्हणाली. "शी. तुम्ही रोज हे कसं सहन करता?"

मग मी तिला ग्लेनिसचं सांगितलं. तिनं मान कलती केली नाही. नाकावर बाही धरून ऐकलं. मध्येच विचारलं, पिशवी दिवसातून किती वेळा बदलावी लागायची? एवढ्या दिवसांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.

शेवटी तिनं गोदामाचं काढलं. मी नाही म्हटलं.

"मग नका जाऊ. मी सांगते डॅरिलला," ती म्हणाली. "आणि ती बिस्किटं घेऊन जा. मला आता ती खाववणार नाहीत."

मी बशी खाली नेली. सेमिसीनं हात न धुताच दोन उचलली आणि एकदम तोंडात कोंबली.

मी नाक मुरडलं.