ते एक मत

कुरुंदवाडजवळच्या आमच्या गावात कृष्णातच्या पेरूला हात लावायची कुणाची छाती नव्हती. पोपट असो की पावणा, त्याची गोफण भेदभाव करत नसे. चिमणाबाईच्या पदरातले चार पेरू तर त्यानं भर रस्त्यात काढून घेतले होते. असला माणूस सत्त्याण्णव साली ग्रामपंचायतीला उभा राहिला! बायको तानाबाई म्हणाली, "आवो, तुमच्या शिव्या घरोघर पोचल्यात की. आता मतं मागाय कुठल्या तोंडानं जातासा?"

गेला की पण! दारोदार हात जोडले. "मला मत देईल त्याची बाग हाय," असं बोलूनही बसला. आणि काय सांगावं, आकारामला पाडून एका मतानं निवडून आला.

अंगावरचा गुलाल निघाला नव्हता तोवर चिमणाबाई बागेत हजर. "कृष्णात, ते एक मत माजं बरं का!" म्हणत तिनं पाटी भरली. मत पडलं गुप्त, खोटं तरी कसं म्हणायचं? मेंबर हात चोळत बसला. दुसऱ्या दिवशी शालूबाई आली, ते एक मत तिचं. मग अख्खी तालीम आली. वॉर्डात मतं तीनशे, आणि ते एक मत देणारे पाचशे निघाले! कहर म्हणजे पडलेला आकारामच पिशवी घेऊन आला. "गडबडीत शिक्का तुज्यावरच पडला बघ." गोफण आपली खुंटीला.

संक्रांतीपर्यंत बागेत पाला उरला. विहिरीवरच्या झाडाला, पार शेंड्याला, एकच पेरू राहिला होता. कृष्णात रोज सकाळी जाऊन त्याला बघायचा. तेवढा तरी आपल्या तोंडी पडावा, एवढीच त्याची आस.

तो पिकला त्या दिवशी तानाबाई पाच रुपये घेऊन झाडाखाली उभी.

"पेरू इकत पायजे."

"खुळी का काय? घरची बाग हाय!"

"मत देईल त्याची बाग, तुमीच म्हणाला हुतासा. मी शिक्का आकारामवर मारलाय. तुमी निवडून आलासा की बागेचं वाटोळं हुणार, ठावं हुतं मला."

कृष्णातच्या ओठावर शिवी आली, पण त्यानं ती गिळून टाकली. गावात खरं बोलणारं माणूस एकच, आणि ते आपल्याच घरात! धोतर खोचून तो झाडावर चढला, पेरू काढला आणि तिच्या हातात ठेवला. पैसे घेतले नाहीत. तिनं पेरू फोडून अर्धा त्याला दिला.

"फुडच्या डावाला बी आकारामलाच दे," तो खाता खाता म्हणाला. "मी बी देतो."