उपाशी वाफ्याचं गिरमिट

मित्रांनो, सुताराच्या पेटीतलं गिरमिट तुम्ही पाहिलं असेल. आडवी मूठ धरून फिरवायचं आणि लाकडाला भोक पाडायचं, एवढंच त्याचं काम. मीही गिरमिटच आहे, पण माझं तोंड लाकडाला कधी लागलं नाही. मी मातीत शिरतो. वीतभर खोल जातो, पोटात मूठभर माती घेतो आणि वर येतो. वय म्हणाल तर अडतीस वर्षं. अंगावर गंजाचे डाग आहेत, मुठीचं लाकूड तीनदा बदललं आहे, पण पातं अजून शाबूत आहे. माझ्या वयाच्या किती यंत्रांना असं म्हणता येईल, ते तुम्हीच बघा.

माझा जन्म अकोटचा. तिथल्या एका लोहाराने कापसाच्या जिनिंगमधल्या मोडक्या लोखंडी दांड्यातून मला घडवलं. माझं चित्र खुशालराव सरांनी एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर काढून दिलं होतं. लोहाराने ते उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, की विहीर एवढ्याशा पात्याने खणणार का? सर हसले. ते मातीचे प्राध्यापक होते आणि त्यांना विहीर नको होती, जमीन दरवर्षी आतून कशी बदलते ते बघायचं होतं.

अकोल्याहून अमरावतीकडे जाताना मूर्तिजापूर मागे पडलं, की डाव्या हाताला आमचं वऱ्हाड मृदा विद्यापीठ लागतं. आसपासची माणसं त्याला नुसतं माती विद्यापीठ म्हणतात, आणि ते खरंही आहे. इथे डॉक्टर होता येत नाही, वकील होता येत नाही, नाटक-संगीतही शिकता येत नाही. माती आणि मातीतून उगवणारं जे काही, तेवढंच इथे शिकवतात.

या विद्यापीठाच्या रस्त्याकडच्या शेतात सरांनी १९८७ साली एक प्रयोग मांडला. शेताच्या चार पट्ट्या, प्रत्येक पट्टीत दहा वाफे. कुठल्या वाफ्याला शेणखत, कुठल्याला युरिया, कुठल्याला दोन्ही. आणि प्रत्येक पट्टीत एक वाफा असा, की ज्याला काहीही द्यायचं नाही. दरवर्षी पेरायचा, काढायचा, पण खाऊ घालायचं नाही. नुसती जमीन स्वतःच्या बळावर किती वर्षं पिकवते, ते त्यावरून कळणार होतं. त्या चार वाफ्यांना मजूर उपाशी वाफे म्हणू लागले आणि तेच नाव राहिलं.

त्या वर्षी बावीस वर्षांचा देवराव रोजंदारीवर आला. सरांनी माझी मूठ त्याच्या हातात दिली आणि सांगितलं, उपाशी वाफ्यात बैलाने शेण टाकलं तरी लगेच उचलायचं. देवरावने ते मनावर घेतलं. पस्तीस वर्षं त्याने त्या चार वाफ्यांची राखण केली. कुणाची शेळी आत शिरली तर तो शेळीमागे धावायचा आणि मग परत येऊन लेंड्या वेचायचा. लोक हसायचे. जगात सगळे पिकाला खायला घालतात, हा एकटाच वाफ्याचा उपास मोडू नये म्हणून धडपडतो.

माझे चांगले दिवस तेच. दर हंगामात देवराव मला खांद्यावर टाकून शेतात न्यायचा. उन्हाळ्यात आमची काळी माती दगडासारखी होते, पावसाळ्यात पात्याला चिकटून सुटत नाही. देवरावला दोन्ही वेळची युक्ती ठाऊक होती. मी काढलेली माती सावलीत वाळवायची, कुटायची, चाळायची आणि काचेच्या बाटलीत भरून वर वर्ष लिहायचं. बाटल्यांची एक खोलीच झाली. शिवार फेरीला शेतकरी आले, की सर मला उंच धरून दाखवायचे आणि मी उगाच ताठ व्हायचो.

मग सर निवृत्त झाले आणि पुढे वारले. पुण्याहून माती काढायचं, बॅटरीवर चालणारं एक यंत्र आलं. मला गोदामात, फुटक्या फवारणी पंपांच्या मागे टाकलं. पाच वर्षं मी तिथे होतो. पालीने माझ्या मुठीमागे अंडी घातली. खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटलं. शेवटी एका भर श्रावणात ते यंत्र काळ्या चिखलात असं रुतलं, की त्याला काढायला ट्रॅक्टर बोलवावा लागला. दुसऱ्या दिवशी देवरावने येऊन मला बाहेर काढलं, रॉकेलने पुसलं आणि म्हणाला, "चाल बुवा. तुह्याबिगर जमत नाही."

आता मी जे सांगणार आहे, ते २०२२ सालचं. त्या सुमारास आमच्या विद्यापीठात एक नवंच दुखणं शिरलं होतं. जगातल्या विद्यापीठांची दरवर्षी एक मोठी यादी निघते, पहिला कोण, दुसरा कोण अशी. त्या यादीत आमचं नाव कुठेच नव्हतं. बैठका होऊ लागल्या, तक्ते भरले जाऊ लागले. यादी करणारे विचारत होते, तुमच्याकडे वैद्यकीत किती संशोधन होतं? परदेशी विद्यार्थी किती? जगभरातले विद्वान तुमच्याबद्दल काय म्हणतात? आमच्याकडे बहुतेक रकाने रिकामे. मित्रांनो, एखाद्या मुलाने दहा विषयांपैकी एकाच विषयाचा पेपर दिला, त्यात शहाण्णव मिळवले आणि शाळेने त्याची टक्केवारी हजारातून काढली, तर काय होईल? तसं आमचं झालं होतं. आणि खरं सांगायचं तर त्या एका पेपरातही आम्ही थोडे आळशीच होतो. पस्तीस वर्षांची माती बाटल्यांत होती, आकडे वह्यांत होते, पण जगाला वाचता येईल असं फारसं कुणी लिहिलंच नव्हतं.

हे ज्यांना सगळ्यात जास्त खटकायचं, त्या अंजनगाव सुर्जीच्या प्रणालीमॅडम. त्या नव्याने प्राध्यापक झाल्या होत्या आणि सरांच्या प्रयोगाची जबाबदारी त्यांच्याकडे आली होती. त्यांनी जुन्या वह्या संगणकात चढवल्या आणि परदेशातल्या एका नावाजलेल्या मृदाशास्त्रज्ञ बाईंना पत्र लिहिलं. बाईंचं उत्तर आलं, की त्या ऑगस्टअखेर भारतात आहेत, दोन तास काढून येतील. कुलगुरूंपासून शिपायापर्यंत सगळे जागे झाले. अशा बाईंचं मत यादी करणारे विचारतात, हे एव्हाना सगळ्यांना माहीत होतं.

देवरावचं दुखणं मात्र वेगळं होतं. त्याची मुलगी दीक्षा आमच्याच विद्यापीठात एम.एस्सी. झाली, पहिली आली. परदेशात मातीवर पुढे संशोधन करायचं म्हणून ती अर्ज भरत होती. एकदा दुपारी ती वडिलांचा डबा घेऊन शेतावर आली आणि बांधावर बसून मोबाइलवर अर्ज पुढे नेऊ लागली. एका चौकोनाशी ती थांबली. तुमच्या विद्यापीठाचा जागतिक क्रमांक काय, असा तो चौकोन होता. देवरावने विचारलं, काय लिहितेस? तिने काही नाही म्हणून मोबाइल पिशवीत टाकला. मी तिथेच जमिनीत उभा होतो. पोरीचा चेहरा मी पाहिला आणि बापानेही पाहिला.

त्यानंतर चारच दिवसांनी, मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत सगळे कडुनिंबाखाली बसले असताना देवराव एकटा शेतात आला. रस्त्याकडच्या पट्टीतला उपाशी वाफा सगळ्यात आधी नजरेत यायचा. बाकीच्या वाफ्यांत ज्वारी कमरेच्या वर गेली होती, इथे गुडघ्याएवढी आणि पिवळी. देवराव बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने धोतराच्या ओच्यातून युरिया काढला आणि तीन ओंजळी त्या वाफ्यात फेकल्या. पस्तीस वर्षं लेंड्या वेचणारा तो हात. मी बांधाला टेकून उभा होतो, ओरडता आलं असतं तर ओरडलो असतो.

पावसाची एक सर पडली आणि आठ-दहा दिवसांत वाफा हिरवागार झाला. शेतावर देखरेख करणारा मनोज खूश होऊन म्हणाला, यंदा उपाशी वाफ्यानेही मान राखला. देवराव दुसऱ्या पट्टीत निघून गेला. त्या दिवसांत तो बाटल्यांच्या खोलीकडेही फिरकला नाही.

पाहुण्या बाई यायच्या आदल्या दिवशी मातीचे नमुने घ्यायचे होते. प्रणालीमॅडम वही घेऊन उभ्या, मनोज पिशव्या धरून, आणि मी नेहमीसारखा देवरावच्या हातात. तीन पट्ट्या नीट झाल्या. रस्त्याकडच्या उपाशी वाफ्यात देवरावने मला रोवलं आणि अर्धा फेरा फिरवून तो थांबला. त्याचे हात मी इतकी वर्षं ओळखतो. त्यांनी मला असं अर्ध्यावर कधी सोडलं नव्हतं.

"मॅडम, याची माती नका घेऊ," तो म्हणाला. "म्या याच्यात युरिया टाकला."

मॅडमना आधी ते समजलंच नाही. मग त्या तशाच बांधावर बसल्या. पस्तीस वर्षं राखलेल्या चार उपाशी वाफ्यांपैकी एक तीन ओंजळींत गेला होता. त्यांनी विचारलं, काहून?

"पाहुणे येतीन, हा मरतुकडा वाफा पाहतीन, आपल्याले हासतीन, असं वाटलं मले. माह्या पोरीच्या अर्जात नंबरचा चौकोन रिकामा राह्यला. मले तो वाफा आन तो चौकोन सारखाच दिसाले लागला."

मनोजने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच सुचवलं, की वहीत काही लिहूच नये. कुणाला कळणार? उद्याचा दिवस निघून जाईल, वाफाही छान दिसतोय. मला वाटतं, क्षणभर मॅडमच्याही मनात ते आलं असावं. त्या पेनाचं टोपण काढत आणि लावत बसल्या होत्या.

मग त्या देवरावला म्हणाल्या, "दुसऱ्या कोणी असं केलं असतं ना देवरावभाऊ, तर मी तुमालेच इचारलं असतं, आता काय करू म्हनून."

देवरावने मान वर केली. "लिवा," तो म्हणाला. "तीन ओंजळी. मंगळवार, जेवनाच्या सुट्टीत. रस्त्याकडच्या कोपऱ्यातून टाकत गेलो. सगळं लिवा, मी सही करतो."

त्यांनी लिहिलं. देवरावने खाली सही केली, ठळक, पूर्ण नावानिशी. त्या वाफ्याची माती मी त्या दिवशी वेगळ्या पिशवीसाठी काढली.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. गोऱ्या, पासष्टीच्या, पायात चिखलात घालायचे बूट. कुलगुरूंनी आणलेला पुष्पगुच्छ त्यांनी ड्रायव्हरच्या हाती दिला आणि थेट शेतात शिरल्या. तीन उपाशी वाफे पिवळे आणि एक हिरवा, हे त्यांना पाच मिनिटांत दिसलं. त्यांनी विचारताच मॅडमनी वही उघडून पुढे केली आणि लिहिलेलं इंग्रजीत सांगितलं. कुलगुरूंचा चेहरा पडला. देवराव हात जोडून पुढे झाला आणि म्हणाला, ते मीच.

बाईंनी वही आपल्याकडे ओढली; असल्या घटना टिपायची ती वही पहिल्या वर्षापासून एकच होती. त्यांनी वहीची मागची पानं उलटायला सुरुवात केली आणि एकेका नोंदीवर बोट ठेवून मॅडमना अर्थ विचारू लागल्या. १९९४, शेळ्या शिरल्या, दोन ओळी वगळाव्या. २००३, बैल बसला. २०११, शेजारचं खत पाटाच्या पाण्यातून आलं असावं, खात्री नाही. खुशालराव सरांचं अक्षर, मग दुसऱ्या कुणाचं, मग मॅडमचं. बाईंनी विचारलं, बाटल्या कुठे आहेत? दोन तासांसाठी आलेल्या बाई तीन दिवस राहिल्या. निघताना त्या मॅडमना म्हणाल्या, की चांगले आकडे त्यांना जगभर मिळतात, पण ज्या वहीत चुका इतक्या नीट लिहिल्या आहेत, त्या वहीवर त्या डोळे मिटून भरवसा ठेवतील. आणि देवरावशी त्यांनी हात मिळवला.

मित्रांनो, एका पाहुणीने कुणी यादीत चढत नाही. पुढची तीन वर्षं या लोकांनी राब राब राबून काढली. दीक्षाला त्या वर्षी परदेशातून नकार आला, तेव्हा मॅडमनी तिला बाटल्यांच्या खोलीत कामाला घेतलं. माझ्या पोटातून निघालेली माती तिने एकेक करून पुन्हा तपासली. बाईंबरोबर त्यांनी जो निबंध लिहिला, त्यात खराब झालेल्या वाफ्याची गोष्टही आहे. बऱ्याच देशांतल्या लोकांनी तो वाचला आणि आमचे आकडे मागवले. मग बाकीच्या विभागांनीही आपापल्या कपाटांतल्या वह्या बाहेर काढल्या.

यंदा यादी निघाली. जगाच्या एकूण यादीत आम्ही अजूनही नाही. पण फक्त शेती या विषयाची जी वेगळी यादी असते, तिच्यात आमचं नाव पहिल्यांदा आलं, तीनशे एक ते साडेतीनशेच्या गटात. कुलगुरूंनी पेढे वाटले. एक पेढा कुणीतरी माझ्यासमोरही ठेवला होता, तो मुंग्यांनी खाल्ला.

त्याच आठवड्यात देवराव निवृत्त झाला. शेवटच्या दिवशी बाप-लेक त्याच बांधावर बसले होते. दीक्षा पुन्हा अर्ज भरत होती आणि पुन्हा तो चौकोन आला. ती हसली आणि तीनशे एकचा आकडा टाकू लागली, तशी देवरावने तिच्या मनगटावर हात ठेवला.

"आधी 'एकूण यादीत नाही' असं लिव," तो म्हणाला. "मंग आकडा."

तिने तसंच लिहिलं. आता ती कुठे जाते, ते मलाही माहीत नाही, पण यंदा तिने अर्ज पिशवीत टाकला नाही, पाठवला.

मित्रांनो, माझ्या पात्याला तेल लावा, पावसात उघड्यावर टाकू नका, एवढं मागणं तर कुठलंही जुनं अवजार करेल. माझं आणखी एक मागणं आहे. तुमच्याकडेही एखादा वाफा पिवळा असेल, एखादा चौकोन रिकामा असेल. पाहुणे येणार म्हणून त्यावर काही फेकू नका. त्याची नोंद ठेवा.

देवराव जाताना मला पुसून खिळ्याला टांगून गेला. खिडकीतून शेत दिसतं. तीन पट्ट्यांतल्या उपाशी वाफ्यांत ज्वारी गुडघ्याएवढी आहे, आणि रस्त्याकडच्या चौथ्यातही ती हळूहळू पुन्हा तशीच पिवळी झाली आहे.