वळणाच्या अलीकडचा ठिपका

नियंत्रण कक्षातल्या पडद्यावरचा इलेक्ट्रॉनांचा ठिपका आज फारच बारीक होता — नको इतका देखणा — आणि ती त्याच्याकडेच बघत होती.

हा ठिपका वळणाच्या अलीकडचा; पुढे काय बिघडतं ते त्यात दिसत नाही. त्यापुढे चुंबकांच्या वळणांतून जाताना इलेक्ट्रॉनांचा लांबट पुंजका दाबून आखूड व्हायचा. दाबण्याआधी लेझरने त्याला मुद्दाम थोडं विस्कटायचं, नाहीतर आतल्या न दिसणाऱ्या सुरकुत्या दाबताना वाढतात आणि त्या पुंजक्यातून पुढे निघणारा क्ष-किरणांचा झोत मातीमोल होतो. काल तपासणीपुरतं तिने ते लेझर बंद केलं... ठिपका एकदम आवळून आला, साहेब मागून म्हणाले, ‘‘वा! याला म्हणतात हात!’’ — आणि तो हात पुन्हा बटणाकडे गेलाच नाही. विसरले, असं ती रात्रभर स्वतःला सांगत होती. पण विसरलं काय होतं? कौतुक गोड लागलं होतं, दुसरं काय!

सकाळी बाबांच्या शर्टाची बटणं तिनेच भराभरा लावली. त्यांची बोटं हल्ली अडखळतात, आणि तिला तर घाई... ‘‘अगं, मला जरा सैल राहू दे की,’’ ते म्हणाले. ती हसली नाही. आत्ता मात्र ते वाक्य आठवलं, भलत्याच वेळी.

काचेपलीकडे पाहुणी संशोधक आपला स्फटिक चिमट्याने बसवत होती. एकच उरलाय, बाकीचे वाढतानाच तडकले, असं ती चहा घेताना सहज बोलून गेली होती. झोत पडला की तो जळणारच, पण चांगला झोत असेल तर जळण्याआधी आतलं सगळं दाखवून जाईल. या झोताने नुसताच जळेल.

सांगावं? मग झोत थांबणार, सगळं पुन्हा जुळवण्यात दिवस जाणार, आणि साहेबांचा चेहरा... न सांगावं, तर खापर स्फटिकावर फुटेल. वाढवतानाच कच्चा राहिला असेल, म्हणतील. ती पाहुणीही मान डोलावेल बिचारी.

‘‘ताई, सोडू का झोत?’’ ऑपरेटरने विचारलं.

‘‘एक मिनिट.’’

‘‘काही गडबड?’’

‘‘नाही... म्हणजे, थांब जरा.’’

त्याने लगेच हात मागे घेतला. इतका विश्वास! काचेपलीकडून पाहुणीने अंगठा वर करून दाखवला, हसत. कालपासून इकडे हिला एकच धास्ती होती, लेझर बंद का, असं कुणीतरी विचारेल. आता मात्र भीती वेगळीच होती — कुणीच, कधीच विचारलं नाही तर?