वरातीचा हॉर्न

पुतणी कामिनीची वरात ब्रीझे वेर्दिएर गावाहून निघाली तेव्हा तुलसीरामच्या तोंडाला रमचा वास येत होता. पण थोरल्या काकाकडे चावी मागणार कोण? मानाप्रमाणे त्याचीच गाडी पुढे, मागच्या गाडीत नवरा-नवरी. रिवाजाप्रमाणे दोन्ही गाड्या एकमेकींना हॉर्नने साद देत चालल्या होत्या. त्याची बायको इंद्राणी शेजारी जीव मुठीत धरून बसली होती. दोन्हीकडे ऊस डोक्याच्या वर गेलेला, वळणापलीकडचं काही दिसत नव्हतं.

“अहो, हळू! आपण उजवीकडे गेलोय!”

“पा पेर! घाबरतेस कशाला? हात पक्का आहे माझा.”

तेवढ्यात वळणापलीकडून मोठा हॉर्न ऐकू आला. इंद्राणीनं डॅशबोर्ड घट्ट धरला. तुलसीराम मात्र खूश झाला.

“बघ, व्याही सामोरे आले!” त्यानं उलट हॉर्न दिला आणि वेग वाढवला.

समोर आली ती उसाची लॉरी. इंद्राणीनं किंचाळत स्टिअरिंग ओढलं. लॉरी त्यांचा आरसा उडवून, झोकांड्या खात मागे गेली.

“वाचलो की नाही?” तो हसला आणि त्यानं पुन्हा हॉर्न वाजवला.

मागून साद आली नाही.