रक्ताईचा पेला

"थांब रं मष्णू! रगत यायलंय!"

भावकू पाटील असे ओरडले, की गायरानातली म्हसरंसुद्धा चरायची थांबली. मष्णू कातारी कुऱ्हाड टेकवून उभा राहिला. बिबळ्याच्या झाडाच्या खालच्या जाड फांदीवर दोन घाव पडले होते आणि त्यांतून लालभडक ओघळ खाली उतरत होता.

"रगत न्हवं आप्पा, चीक हाय," मष्णू म्हणाला. "बिबळा घाव घातला की असाच गळतोय. मागच्या बारीला फांदी काढली तवाबी गळालता."

"तवा आई झोपलेली असंल!"

यावर जमलेल्या चाळीस माणसांतला एकही हसला नाही. फांदी तोडायची परवानगी चारच दिवसांपूर्वी खुद्द पाटलांनी दिली होती. पण पाटलांचा हात कपाळाला गेला आणि मागोमाग सगळ्या गावाचा गेला. गावाला डोकं एकच होतं, आणि ते पाटलांच्या पटक्याखाली होतं. संध्याकाळपर्यंत गुरवानं घावांवर कुंकू थापलं, झाडाचं नाव रक्ताई ठेवलं आणि मष्णूला नाक घासायला लावलं.

मीही त्या चाळिसांत होतो. बेळगावाहून बदलून आलेला शाळामास्तर. झाडाला चीक असतो हे मी त्याच आठवड्यात चौथीच्या पोरांना फळ्यावर लिहून दिलं होतं.

मष्णूला ती फांदी हवी होती बायकोसाठी. राजाबाईला मधुमेह होता. पायाचं बोट चिघळलेलं, लघवीला मुंग्या लागायच्या. वैद्यानं सांगितलं होतं, बिबळ्याच्या गाभ्याचा पेला करा, रात्रभर त्यात पाणी ठेवा आणि सकाळी प्या. पाण्याला निळसर झाक येते. पाच-सहा महिन्यांत लाकडाचा कस उतरतो, पाणी पांढरं ते पांढरंच राहतं, मग पेला नवा करायचा. मागच्या फांदीतून मष्णूनं तीन पेले काढले होते. राजाबाईला एक आणि पाटलांना दोन, कारण पाटलांनाही तोच रोग. म्हणजे आईचा एक हात तोडून त्यातून हा गृहस्थ रोज सकाळी पाणी पीत होता आणि दुपारी तिलाच हळदकुंकू वाहत होता. सगळ्या गावाला हे ठाऊक होतं. तरी नैवेद्याला रांग लागायची.

राजाबाईच्या पेल्याचा कस उतरला होता. पाटलांचा दुसरा पेला अजून कोरा होता. तो मष्णूनं मागून पाहिला. पाटील म्हणाले, "देवीचा परसाद उष्टावाय द्यायचा नसतोय."

मग कार्तिकात तो माझ्याकडं आला.

"मास्तर, तुम्ही शिकल्यालं मानूस. चावडीत येवढंच सांगा, चीक हाय म्हणून. सरकारी रानात शिरलो तर रखवालदार धरतोय. गायरानात ह्यो येकच बिबळा हाय."

"बघू, मष्णू," मी म्हणालो.

पाटलांनी शाळेला कौलं देऊ केली होती. मी तोंडात मिठाची गुळणी धरली. पुढच्या महिन्यात कौलं आली, चांगली होती.

राजाबाई माघात गेली. पेल्यानं ती जगली असती असं मी म्हणत नाही. पण मष्णूला करून बघायचं होतं, आणि ते आम्ही करू दिलं नाही.

वैशाखात वळवाच्या वाऱ्यानं ती घाव पडलेली फांदी कडाडून खाली आली. तोवर पाटलांच्या दुसऱ्या पेल्यातलं पाणीही पांढरं राहायला लागलं होतं. आईनं आपणहून फांदी दिली, असं गुरवानं लगेच जाहीर केलं. देवीला पाटलांची गरज बरोब्बर कळते! पाटलांना नवा पेला करून दे, असा निरोप घेऊन मलाच मष्णूकडं पाठवलं. मीही गेलो, निर्लज्जासारखा.

मष्णूनं ऐकून घेतलं. "करतो की. पर दोरी कोन वढनार?"

कातकामाला दोन माणसं लागतात. एकानं लाकडाला वेढलेली दोरी दोन्ही हातांनी मागंपुढं ओढायची, म्हणजे लाकूड फिरतं. दुसऱ्यानं त्यावर पटाशी धरायची. तीस वर्षं दोरी राजाबाईनं ओढली होती.

"पाटील गडी देतील," मी म्हणालो.

"गडी नको. राजी स्वताच्या पेल्याला स्वता वढली. आप्पांच्या दोन पेल्यांनाबी तीच वढली, तसल्या पायानं. ज्याला पेला पायजे त्यानं वढावी."

मला वाटलं, पाटील आता त्याचं घर उठवतील. पण जिवाची भीती मोठी असते. तिसऱ्या दिवशी, भर बाजारच्या सकाळी, भावकू पाटील पांढरंशुभ्र धोतर नेसून कातारवाड्यात आले आणि राजाबाईच्या पाटावर बसले. रक्ताईपुढं हात जोडणारं सगळं गाव कुडाला डोळे लावून उभं होतं.

पहिल्या घटकेलाच त्यांना धाप लागली.

"जरा दमानं रं, मष्णू."

"दम धरला की पेला फाटतोय, आप्पा. वढा."

फांदीचा गाभा अजून ओला होता. तांबूस भुसा उडून पाटलांच्या घामेजल्या हातांवर आणि धोतरावर बसला, तिथं डाग पडले. त्यांनी डागाकडं बघितलं आणि ओढायचे थांबले.

"रगत न्हवं आप्पा," मष्णू पटाशी न उचलता म्हणाला. "भुसा हाय. तुम्ही वढा."

पाटलांनी ओढली. दुपारपर्यंत ओढली. तळहाताला फोड आले. बघणाऱ्यांपैकी कुणी हसलं नाही की कुणी हातही जोडले नाहीत. कसं वागावं हे सांगणारा माणूसच दोरी ओढत होता, त्यामुळं गाव नुसतं उभं राहिलं.

पेला झाला. मष्णूनं तो पुसून पाटलांच्या हातात दिला. पाटलांनी कनवटीला हात घातला, तसा तो मान हलवून म्हणाला, "न्हाय. निम्मं काम तुम्हीच केलंय."

पाटील गेले, गावही पांगलं. मी एकटा दारात घुटमळत राहिलो. काहीतरी बोलावंसं वाटत होतं, पण बोलायची वेळ कार्तिकातच निघून गेली होती. मष्णूनं माझ्याकडं पाहिलं नाही. त्यानं दोरी सोडून गुंडाळली आणि खुंटीला अडकवली. मग राजाबाईचा पाट उचलला, ओल्या फडक्यानं दोनदा पुसला, आणि पुन्हा कुणी बसू नये म्हणून बसायची बाजू भिंतीकडं करून उभा ठेवला.