डावा खांदा

आईचा हात शिवणात असा बसलेला, की तिच्या हातचा कपडा घातला की जाडी बारीक दिसते आणि बुटकी उंच, असं गल्लीतल्या बायका म्हणत. त्यामुळे चौदा वर्षांच्या चिमीच्या अंगाला दुकानातला कपडा कधी लागलाच नव्हता.

शाळेच्या गाण्याच्या कार्यक्रमासाठी मात्र सगळ्या मुलींनी एकसारखे तयार झगे घ्यायचं ठरलं. दुकानातल्या कपडे बदलायच्या खोलीत तीन बाजूंना आरसे होते. चिमीने झगा चढवला. घेर तिरका, गळा एकीकडे ओढलेला.

"शिवण बिघडलीय," ती पडद्याआडून म्हणाली.

विकणारीने दुसरा दिला, मग तिसरा. तेव्हा कुठे चिमीने मान वळवून आरशात स्वतःची पाठ पाहिली. उजवा खांदा वर, त्याखाली फुगवटा, कंबर वाकडी. झगे सगळे सरळच होते. तेवढ्यात एक मैत्रीण हसत पडदा सारून डोकावली आणि गप्प झाली. ते गप्प होणं चिमीच्या जिव्हारी लागलं.

घरी येऊन तिने आपले सगळे कपडे उलटे केले. प्रत्येकाच्या डाव्या खांद्यात, अस्तराच्या आड, कापसाची छोटी गादी टाचलेली. दीड वर्षांपूर्वीच्या कपड्यांतसुद्धा.

"तुला माहीत होतं?"

आईने मशीन थांबवलं. "वाढीचं वय आहे, आपोआप सरळ होईल असं वाटलं गं. तोवर तुला कुणी हसू नये म्हणून..."

"मला सांगायचं तरी!"

डॉक्टरांनी चिमीच्या पाठीच्या कण्याचा एक्स-रे उजेडासमोर धरला. "वर्षभर आधी आला असतात, तर कदाचित पाठीला बांधायच्या पट्ट्यावर भागलं असतं. आता ऑपरेशनच करावं लागेल."

आई खाली बघत राहिली. चिमी तिच्याकडे बघत राहिली.

ऑपरेशन चांगलं झालं. भेटायला येणारे म्हणायचे, "अगं, किती उंच झालीस!" चिमी मान हलवायची. मानेपासून कंबरेपर्यंत लांबलचक व्रण होता, तो तिने आईला एकदाही पाहू दिला नाही. अंघोळ घालायला ती मावशीला बोलवायची.

"पाणी फार कढत नाही ना गं?" आईने न्हाणीघराच्या दाराबाहेरून विचारलं.

मावशीने चिमीला कोपराने हळूच ढोसलं. चिमी भिंतीकडे तोंड करून बसून राहिली. शेवटी मावशीच म्हणाली, "नाही, बेताचं आहे."